खकनारात राहून ऊर्जा परीक्षक व्हायचे तर

मध्य प्रदेशातल्या घरगुती वीजबिलात १५० या आकड्याला फार वजन आहे. अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत राहिला तर पहिल्या १०० युनिटांचे शंभरच रुपये लागतात आणि त्यावरच्या युनिटांना नेहमीचा दर पडतो. १५० ओलांडले की सगळी सवलत जाते आणि पहिल्या युनिटापासून पूर्ण दराने बिल येते. म्हणजे १४८ युनिट वापरणारे घर आणि १५५ युनिट वापरणारे घर यांच्या विजेत फरक जेमतेम सात युनिटांचा, पण बिलात काहीशे रुपयांचा. खकनार, देडतलाई, तुकईथड, डोईफोडिया या भागात एप्रिल-मे महिन्यांत कूलर सुरू झाले की कितीतरी घरे या रेषेच्या अल्याड-पल्याड होत राहतात. त्यांना गरज असते ती घरात येऊन प्रत्येक उपकरण मोजणाऱ्या आणि काय केले तर आपण रेषेच्या आत राहू हे आकड्यांत सांगणाऱ्या माणसाची.

असे काम शिकायचे, त्याचे प्रमाणपत्र घ्यायचे आणि जमल्यास त्यावर पोट भरायचे, असा विचार करणाऱ्या तरुण-तरुणींसाठी हा लेख आहे. यात दोन वेगळ्या वाटा आहेत. एक प्रमाणपत्राची, दुसरी हाताने मोजमाप शिकण्याची. पहिली सुरू व्हायला काही वर्षे लागतात, दुसरी याच आठवड्यात सुरू करता येते. दोन्ही बरोबरीने चालवाव्यात असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रमाणपत्र कोण देते, कोणाला मिळते

अमेरिकेत घराची ऊर्जाक्षमता मोजून गुण देणाऱ्यांचा स्वतंत्र व्यवसायच आहे. रेसनेट नावाची संस्था त्यांना प्रशिक्षण आणि मान्यता देते. तिथल्या निर्देशांकात ठरावीक नियमांनुसार बांधलेल्या प्रमाण घराला १०० आकडा असतो, आणि वर्षभरात जेवढी ऊर्जा वापरली तेवढीच तयार करणाऱ्या घराला शून्य. आकडा जितका कमी तितके घर चांगले. हे मूल्यमापक दाराला मोठा पंखा बसवून घरातून किती हवा गळते तेही मोजतात. आपल्याकडे आठ-नऊ महिने दारे-खिडक्या उघड्याच असतात, त्यामुळे ती चाचणी इथल्या बहुतेक घरांत निरुपयोगी ठरेल.

भारतात घरांपुरता असा वेगळा परवाना नाही. आपल्याकडचे जवळचे आणि सरकारमान्य प्रमाणपत्र म्हणजे ऊर्जा दक्षता ब्युरोचे, सगळे ज्याला बीईई म्हणतात त्याचे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला आणि १ मार्च २००२ रोजी ब्युरो अस्तित्वात आला. पंखा, फ्रिज, एसीवर जे तारे दिसतात ते याच ब्युरोचे. ती योजना २००६ पासूनची. ऊर्जा व्यवस्थापक आणि ऊर्जा लेखापरीक्षक, म्हणजे बोलीत एनर्जी ऑडिटर, यांची राष्ट्रीय परीक्षाही ब्युरोच घेतो. परीक्षेच्या आयोजनाचे काम राष्ट्रीय उत्पादकता परिषदेने वर्षानुवर्षे पाहिले आहे.

पेपर चार. पहिला ऊर्जा व्यवस्थापन आणि लेखापरीक्षणाच्या सर्वसाधारण बाबींवर, दुसरा बॉयलर, भट्टी, वाफ अशा उष्णतेच्या यंत्रणांवर, तिसरा मोटर, पंप, पंखे, कॉम्प्रेसर, दिवे अशा विजेच्या यंत्रणांवर. हे तीन उत्तीर्ण झाले की ऊर्जा व्यवस्थापक. चौथा पेपर यंत्रांची कामगिरी प्रत्यक्ष आकडेमोडीने तपासण्याचा. तोही सुटला की लेखापरीक्षक. प्रत्येक पेपरात निम्मे गुण लागतात. अभ्यासाची चारही पुस्तके ब्युरोच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. ती इंग्रजीत आहेत, पण त्यातली इंग्रजी साधी आहे. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाची पुस्तके वाचलेल्याला ती अवघड जाणार नाहीत. तिसऱ्या पेपराचे पुस्तक तर परीक्षा द्यायची नसली तरी वाचावे. मोटर आणि पंपांवरची त्यातली प्रकरणे आपल्या भागातल्या शेतकऱ्याच्या थेट कामाची आहेत.

आता खरा अडसर पात्रतेचा. इंजिनीअरिंगच्या पदवीधराला ऊर्जेशी संबंधित कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो, पदव्युत्तर इंजिनीअरला दोन वर्षांचा, डिप्लोमाधारकाला सहा वर्षांचा. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.एस्सी. केलेल्यांनाही तीन वर्षांच्या अनुभवावर बसता येते. नुसती आयटीआय किंवा साधी बी.एस्सी. यावर परीक्षेला बसता येत नाही. हे कटू आहे, पण क्लासवाल्यांकडे पैसे भरण्याआधी कळलेले बरे. अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीची अधिसूचना स्वतः वाचा, दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नका.

डिप्लोमावाल्याने सहा वर्षांच्या अटीने खचून जायचे कारण नाही. अनुभव पहिल्या नोकरीपासून मोजला जातो. ती नोकरी मात्र अशी निवडावी की कामाचा ऊर्जेशी संबंध कागदावर दाखवता येईल. बुऱ्हाणपूरचे यंत्रमाग आणि कापड प्रक्रियेचे कारखाने, जिनिंग, शीतगृहे, वीज कंपनीचे कंत्राटदार, सौर पॅनेल बसवणारे, अशा ठिकाणी देखभालीचे काम करा. अनुभवाच्या दाखल्यावर 'इलेक्ट्रिशियन' एवढाच शब्द न लिहून घेता कोणती यंत्रे सांभाळली, किती अश्वशक्तीच्या मोटरी, कोणत्या नोंदी ठेवल्या हे तपशिलात लिहून घ्या. दाखला नोकरी सोडतानाच मागावा. चार वर्षांनी मागायला गेलात तर ओळखणारा माणूसच तिथे नसतो.

आयटीआय झालेल्यांसाठी वाट वेगळी आहे, कमी प्रतीची नाही. २०१५ पासून चालणारा सूर्यमित्र अभ्यासक्रम राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचा आहे. हरित रोजगारांसाठीच्या कौशल्य परिषदेचेही अभ्यासक्रम आहेत. वायरमनचा परवाना तर काढावाच, कारण त्याशिवाय कोणाच्या वायरिंगला हात लावणे योग्य नाही. परीक्षा देणारा एखादा डिप्लोमावाला आणि घराघरांतून फिरणारा आयटीआयवाला यांनी जोडीने काम केले तर दोघांचेही अडत नाही.

लेखापरीक्षक झाल्यावर कायद्याचे काम मिळते ते मोठ्या कारखान्यांत. सरकारने ठरवलेल्या मोठ्या ऊर्जाग्राहकांना मान्यताप्राप्त लेखापरीक्षकाकडून तपासणी करून घ्यावी लागते. घरांचे तसे नाही. २०२२ च्या दुरुस्तीने निवासी इमारती कायद्याच्या कक्षेत आल्या खऱ्या, पण अट आहे १०० किलोवॅट जोडलेल्या भाराची. खकनारातले साधे घर दोन-तीन किलोवॅटचे. म्हणजे इथे कोणीही कायद्याच्या धाकाने तुम्हाला बोलावणार नाही. बोलावले तर विश्वासाने बोलावेल. प्रमाणपत्राची चौकट भिंतीवर लावून हा विश्वास येत नाही. तो तुमच्या मोजमापातून येतो.

मोजायला शिका

पहिले हत्यार घरातच आहे, विजेचे मीटर. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी छापलेले असते की एका युनिटाला किती लुकलुक. बऱ्याच मीटरांवर हा आकडा ३२०० असतो. घरातली सगळी उपकरणे बंद करून एकच चालू ठेवा आणि घड्याळ लावून दहा लुकलुकी मोजा. ३२०० च्या मीटरवर दहा लुकलुकींना ४५ सेकंद लागले तर ते उपकरण २५० वॅट खाते. हिशेब असा: ३६०० गुणिले १०, भागिले ३२०० गुणिले ४५, म्हणजे पाव किलोवॅट. हे घरच्या माणसांसमोर करा आणि शाळेत जाणाऱ्या मुलीलाच मोजायला सांगा. तुमच्या यंत्रावर घरच्यांचा विश्वास नसला तरी स्वतःच्या मीटरवर बसतो. मीटरचे सील मात्र कधीही, कोणीही सांगितले तरी, हलवायचे नाही.

याखेरीज लागतात प्लगमध्ये लावायचे छोटे वॅटमीटर, क्लॅम्पमीटर, लांबून तापमान घेणारे थर्मामीटर आणि मोजपट्टी. सुरुवातीला एवढे पुरे. क्लॅम्पमीटर फक्त अँपिअर दाखवते, वॅट नव्हे. आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरते आणि मोटरीचा पॉवर फॅक्टरही वेगळा असतो, तेव्हा अँपिअरला सरळ २३० ने गुणून मोकळे होऊ नका. फ्रिज एका क्षणाला मोजण्यात अर्थ नाही, कारण कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहतो. वॅटमीटर लावून पूर्ण २४ तास ठेवावे. तापमानाचे थर्मामीटर चकचकीत पत्र्यावर धरले तर खोटे बोलते. पत्र्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावावा, थोडा वेळ जाऊ द्यावा आणि त्या तुकड्यावर नेम धरावा.

आता एका घराचा हिशेब करून पाहू. समजा, वापर महिन्याला १६५ युनिट आहे. बैठकीतला जुना पंखा ७५ वॅटचा, दिवसाला १२ तास चालतो. त्या जागी ३० वॅटचा बीएलडीसी पंखा बसवला तर ४५ वॅट वाचतात; महिन्याला १६.२ युनिट. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स दहा वॅटचा आहे आणि टीव्ही बंद असतानाही १९ तास तापत राहतो. मागचे बटण बंद केले की ५.७ युनिट. दोन्ही मिळून जवळजवळ २२, म्हणजे घर १४३ वर आले आणि सवलतीत बसले. इथे अडीच-तीन हजारांचा पंखा फार लवकर वसूल होतो.

पण शेजारचे घर ९० युनिट वापरत असेल तर? त्याला तसेही शंभरच्या आसपास रुपये भरायचे आहेत. तोच पंखा तिथे बसवून बिल जवळपास हलणार नाही. अशा घराला "पंखा बदलू नका, जुना बिघडेल तेव्हा पाहू" असे सांगता आले पाहिजे. हाच या कामाचा कस आहे. बिलावर रीडिंग किती दिवसांचे आहे तेही पाहा, आणि योजनेचे नियम सरकार बदलत असते, म्हणून चालू वर्षाचा आदेश वाचून मगच सल्ला द्या.

कूलरबाबत बहुतेक घरांत एकच चूक दिसते: सगळे दरवाजे बंद करून आत कूलर लावतात. हवा बाहेर जायला वाट नसली की खोली दमट होते, गारवा लागत नाही, मग वेग वाढवला जातो. समोरची खिडकी थोडी उघडायला सांगा आणि घरच्यांना स्वतः अनुभवू द्या. यात एक रुपयाही खर्च नाही. जूनमध्ये पाऊस पडून हवेत ओल आली की कूलरचा उपयोग संपतो हेही सांगून ठेवावे.

छत, खिडकी आणि चूल

निवासी इमारतींसाठी ब्युरोने १४ डिसेंबर २०१८ रोजी इको निवास संहिता आणली. ती मोठ्या वसाहतींसाठी असली तरी घर पाहण्याची नजर तिच्यातून मिळते. तिच्यात छतासाठी उष्णता आत येण्याच्या मापाची, म्हणजे यू-मूल्याची, मर्यादा १.२ आहे. साध्या काँक्रीटच्या उघड्या स्लॅबचे हे मूल्य तीनच्या आसपास जाते. आपल्याकडे पैसे आले की कवेलू उतरवून स्लॅब टाकतात आणि त्याच उन्हाळ्यापासून घरातली माणसे अंगणात झोपू लागतात, त्याचे कारण हेच. स्लॅब दुपारी तापतो, पण त्याची आतली बाजू कित्येक तास उशिरा सर्वांत गरम होते. म्हणून छताची तपासणी रात्री नऊ-दहाला करावी. थर्मामीटर आधी भिंतीवर आणि मग छतावर धरून दोन्ही आकडे घरच्यांना दाखवावेत. छतावर पांढरा परावर्तक रंग किंवा चुन्याचा जाड हात, वर मांडव, वेल, यांचा परिणाम त्याच जागी, त्याच वेळेला पुन्हा मोजून सिद्ध करावा. ज्यांचे कवेलूचे घर अजून धड उभे आहे त्यांना त्याची किंमत पटवून देणे हाही ऊर्जा सल्लाच आहे. कोरकू वस्त्यांतली मातीच्या भिंतींची घरे मे महिन्यात आत शिरून पाहा.

खिडक्यांचा नियमही साधा आहे. उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्रफळ घराच्या चटई क्षेत्राच्या तुलनेत उष्ण-कोरड्या हवामानात किमान १० टक्के आणि संमिश्र हवामानात १२.५ टक्के हवे. ६० चौरस मीटरच्या घराला म्हणजे सहा ते साडेसात चौरस मीटर. मोजताना सरकत्या खिडकीची निम्मीच बाजू धरायची, कारण तेवढीच उघडते. नव्या घरांत या एका गोष्टीने आकडा खाली घसरतो. घर बांधणाऱ्याला हे पाया खोदतानाच सांगितले तर पुढे पन्नास वर्षे कामी येते.

आणि चूल. विजेचे मीटर पाहून घराच्या ऊर्जेचा हिशेब पुरा झाला असे मानू नका. खकनारच्या कितीतरी घरांत सर्वांत जास्त ऊर्जा सरपणातून येते. १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरात साधारण १८० युनिटांइतकी उष्णता असते. एक किलो वाळलेल्या लाकडात चार युनिटांच्या आसपास, पण साध्या तीन दगडांच्या चुलीत तिचा दहावा हिस्साच भांड्याला लागतो. उरलेली उष्णता आणि धूर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या वाट्याला येतो. म्हणून घरी गेल्यावर आधी स्वयंपाकघरात जा. ताईंना, आजींना विचारा: सरपण कोण आणते, किती दिवसांनी, किती लांबून, सिलिंडर किती दिवस पुरते. या उत्तरांना नोंदवहीत मीटरइतकीच जागा द्या. चौकशी घरच्यांच्या बोलीत करा. या भागात मराठी, हिंदी आणि कोरकू तिन्ही लागतात. कोरकू येणारा सोबती असेल तर माहिती दुप्पट खरी मिळते.

पाण्याचा विषय निघालाच तर बुऱ्हाणपूरची कुंडी भंडारा एकदा नक्की पाहून या. १६१५ मध्ये बांधलेली ही यंत्रणा सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपते पाणी नुसत्या उतारावर शहरापर्यंत आणत असे, मोटरीशिवाय. पाणी किती उंच चढवायचे आहे, यावर विजेचा खर्च ठरतो हे ती पाहिल्यावर विसरता येत नाही. तीच नजर घेऊन केळीच्या बागेतला पंप पाहा. पाच अश्वशक्तीचा पंप जवळजवळ पावणेचार किलोवॅटचा. गळका फूटव्हॉल्व्ह, गरजेपेक्षा बारीक पाइप, अनावश्यक बाक, रिवाइंड करून करून थकलेली मोटर, यांत जाणारी वीज एखाद्या घराच्या वापराहून मोठी असते. रात्रीच्या विजेवर पाणी भरणाऱ्या शेतकऱ्याला बिलात फारसे वाचणार नसेल, पण तेवढ्याच तासांत जास्त पाणी मिळेल, आणि त्याला हवे असते तेच. घरांच्या कामातून नाव होईल, पण नियमित पैसे पंप आणि यंत्रमागांच्या तपासणीतून येतील असा माझा अंदाज आहे.

घराचा एक आकडा काढून द्यायचा असेल तर वर्षभराच्या बिलांतली युनिटे जोडा आणि चटई क्षेत्राने भागा. १८०० युनिट आणि ६० चौरस मीटर असतील तर ३०. ब्युरोने २०१९ मध्ये घरांसाठी एक ते पाच ताऱ्यांची योजना आणली तीही चौरस मीटरमागच्या वार्षिक युनिटांवरच उभी आहे. तारे मात्र तुम्ही स्वतः वाटू नका; तो अधिकार ब्युरोचा. शिवाय कमी आकडा म्हणजे नेहमीच चांगले घर नव्हे. ज्या घरात दोन दिवे आणि एक पंखा आहे त्याचा आकडा गरिबीमुळे कमी आहे. अशा घराला बचतीचा उपदेश न करता वायरिंग सुरक्षित आहे का, अर्थिंग खरोखर जमिनीत गेले आहे का, शॉक लागला तर प्रवाह तोडणारे ब्रेकर बसले आहे का, हे आधी पाहा. प्रत्येक घरात पहिली तपासणी हीच असली पाहिजे.

पैसे कोणाकडून घ्यायचे

आता सर्वांत नाजूक गोष्ट. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. त्यामुळे पॅनेल विकणारे गावोगाव फिरतात आणि तुम्ही हे काम सुरू केलेत की पहिला फोन त्यांचाच येईल: आमच्याकडे गिऱ्हाईक पाठवा, मागे इतके देऊ. पंख्यांचे, इन्व्हर्टरचे दुकानदारही तेच म्हणतील. एकदा तो पैसा घेतला की तुमचे मोजमाप संपले. मोजणाऱ्याने विकू नये आणि विकणाऱ्याकडून घेऊ नये. ज्याला पॅनेल बसवण्याचा व्यवसाय करायचा आहे त्याने तो खुशाल करावा, तो चांगलाच व्यवसाय आहे. मग स्वतःला परीक्षक म्हणवू नये. सौर पॅनेलचा सल्ला द्यायचाच तर आधी वापर कमी करून दाखवावा आणि मग उरलेल्या गरजेला पुरेल तेवढेच सुचवावे. एक किलोवॅट पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिटांच्या आसपास देते, एवढ्यावर हिशेब मांडता येतो. महिन्याला १०० युनिटांत भागणाऱ्या घराला तीन किलोवॅटचे कर्ज गळ्यात घालणे अन्याय आहे.

फी ठरावीक असावी, आधी सांगितलेली. "जेवढे वाचेल त्यातले इतके टक्के" असा व्यवहार आकर्षक वाटतो, पण त्यात बचतीचा आकडा फुगवण्याचा मोह सतत मागे लागतो. ज्यांना फी परवडत नाही त्यांचे काम ग्रामपंचायत किंवा महिला बचत गटामार्फत एकत्र घ्या. दहा घरे एकाच फेऱ्यात झाली की प्रत्येकाला ओझे वाटत नाही. सीमेपलीकडे धारणी किंवा जळगाव जामोदकडे काम मिळाले तर तिथली वीज कंपनी महावितरण आहे, दरांचे टप्पे वेगळे आहेत आणि १५० चा हा नियम तिथे चालत नाही. महाराष्ट्रात ऊर्जा संवर्धनाची शासकीय संस्था पुण्याची महाऊर्जा, मध्य प्रदेशात भोपाळचे ऊर्जा विकास निगम. दोन्हींच्या सूचनांवर लक्ष ठेवा.

प्रत्येक घराला एका पानाचा अहवाल मराठीत किंवा हिंदीत द्या. त्यात तारीख, मीटरचे वाचन, मोजलेले वॅट, सुचवलेले बदल, प्रत्येकाचा अंदाजे खर्च आणि महिन्याला वाचणारी युनिटे लिहा. बिनखर्चाचे बदल वर, खर्चिक खाली. एक प्रत स्वतःकडे ठेवा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा जाऊन बिल पाहा. उन्हाळ्याची तुलना हिवाळ्याशी करू नका. अंदाज चुकला असेल तर त्याच अहवालावर दुरुस्त आकडा लिहून घरच्यांना द्या. अशा तीस-चाळीस घरांची वही तयार झाली की ब्युरोची परीक्षा द्यायला बसाल तेव्हा तिसऱ्या पेपरातली निम्मी उदाहरणे ओळखीची वाटतील, आणि एखाद्या कारखान्यात मुलाखतीला गेलात तर प्रमाणपत्राआधी ती वहीच टेबलावर ठेवा.